ॲप घेतलं, नंबर मात्र मुलाचा

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम जमा होऊ लागले, तेव्हा तालुक्याच्या गावांतल्या शाखांसमोर दार उघडण्याआधीपासून रांगा लागत होत्या. रांगेतल्या बऱ्याच जणींना त्या दिवशी पैसे काढायचेही नव्हते. विचारायचं एवढंच होतं: आले का? त्या एका प्रश्नासाठी खुरपणीचा रोज बुडवायचा, वडापला जायचे-यायचे पैसे द्यायचे, दोन तास उभं राहायचं, आणि पासबुक परत घेताना ऐकायचं, "अजून नाही, सोमवारी बघा."

ज्या भिंतीला टेकून त्या उभ्या होत्या, त्या भिंतीवर बहुधा मोबाईल बँकिंगचं पोस्टरही होतं. हसरं कुटुंब, हातात फोन, बँक आता तुमच्या खिशात. रांगेतली बाई पोस्टरपर्यंत का पोहोचत नाही, याचं आढावा बैठकीतलं उत्तर ठरलेलं आहे: ग्राहकांत जागृती नाही, ग्रामीण भाग आहे, लोक घाबरतात. हे उत्तर सोयीचं आहे. त्यात बँकेला स्वतःचं काही बदलावं लागत नाही, पोस्टर थोडं मोठं छापलं की भागतं. पण याच बाया बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलून निरोप टाकतात, पुण्यातल्या नातवाशी व्हिडिओवर गप्पा मारतात, यूट्यूबवर ब्लाउजचे गळे बघून शिवतात. फोन त्यांना येतो. बँकेपाशी गाडी अडते ती वेगळ्या कारणांनी, आणि त्यातली बहुतेक कारणं शाखेच्या आत आहेत.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे नंबर. खातं आईचं, बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर मुलाचा नाहीतर नवऱ्याचा. २०१४ नंतर जनधन खाती धडाक्यात उघडली, तेव्हा अनेक घरांत फोन एकच होता. फॉर्मवर तो लिहिला गेला. काही फॉर्मवर तर भरून देणाऱ्यानं स्वतःचाच नंबर टाकला. आज आईकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे, पण ओटीपी जातो चाकणला कंपनीत दुसऱ्या पाळीवर असलेल्या मुलाकडे, आणि फोन तर गेटवरच जमा असतो. काही नंबर केव्हाच बंद पडलेत. ही नुसती गैरसोय नाही. सिम बरेच दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करते आणि पुढे काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला देते. मग या आईच्या खात्याचे मेसेज कुठल्या तरी परक्या माणसाच्या फोनवर वाजत राहतात.

त्यात "आधार लिंक आहे ना?" हा प्रश्न. काउंटरवर तो एका दमात विचारला जातो, पण त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे का? खात्याला आधार जोडलेलं आहे का? आणि सरकारी पैसा आधार क्रमांकावरून कोणत्या बँकेत वळवायचा, त्या नोंदीत सध्या कोणती बँक आहे? तिसरी नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. शेवटी जिथे संमती दिली ती लागू राहते. म्हणून योजनेचा पैसा जिल्हा बँकेत येईल म्हणून वाट बघणाऱ्या बाईचे पैसे कधीतरी उघडून विसरलेल्या दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर ही नोंद बघता येते, पण तिथेही ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो जुना असेल तर आधी आधार केंद्र गाठा, अंगठा द्या, पंचाहत्तर रुपये भरा, मग पुढचं.

म्हणून ॲपची मोहीम काढण्याआधी शाखेने एक महिना नंबर साफ करण्यात घालवावा असं आमचं ठाम मत आहे. यादी काढणं अवघड नाही. एकच मोबाईल नंबर पाचपेक्षा जास्त खात्यांना लागलेला आहे अशी खाती संगणकातून निघतात. ज्या नंबरांवर मेसेज पोहोचतच नाहीत, त्यांची नोंद मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडून मिळते. या दोन याद्या हातात घेतल्या की कुणाला काउंटरवर थांबवून "काकू, हा नंबर तुमचाच का?" विचारायचं ते कळतं. पासबुक भरायला आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. मात्र हे काम कुठल्याही उद्दिष्टात मोजलं जात नाही, म्हणून होत नाही.

आता नंबर बरोबर आहे असं धरू. ॲप उघडल्यावर पहिल्या पायरीलाच ते फोनमधून बँकेला गुपचूप एक मेसेज पाठवतं. हे सिम याच फोनमध्ये आहे, याची खात्री बँक त्यावरून करते. सुरक्षेच्या दृष्टीनं ही पायरी उत्तम. चोराकडे सगळी माहिती असली तरी सिम नसेल तर तो इथेच अडतो. पण सगळ्यात जास्त ग्राहकही इथेच अडतात. फोनमध्ये दोन सिम असतात, बँकेचा नंबर दुसऱ्या खाचेत, आणि मेसेज जातो पहिल्यातून. किंवा रिचार्ज संपलेला असतो. येणारे फोन येतात म्हणून सगळं ठीक वाटतं, पण बाहेर मेसेज जात नाही. किंवा घेतलेल्या स्वस्त पॅकमध्ये मेसेज धरलेलेच नसतात. पडद्यावर येतं फक्त "पडताळणी अयशस्वी", तेही इंग्रजीत. नोंदणीला बसवण्याआधी त्या सिमवरून शेजारच्याला एक साधा मेसेज पाठवून बघितला तर निम्मी डोकेदुखी जाते.

पुढची ठेच ओटीपीची. ओटीपी आला म्हणून माणूस ॲप सोडून मेसेजमध्ये जातो, आकडे वाचतो, परत येतो तोवर ॲप पुन्हा पहिल्या पानावर. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच, मग "उद्या या". वरून बोट ओढून सूचनेच्या पट्टीतच आकडे वाचायचे, ॲप सोडायचं नाही, ही एवढीशी युक्ती एकदा हातात धरून दाखवावी लागते. तिचं पोस्टर होत नाही. जुन्या फोनवर ॲप चालतच नाही, काहींवर जागा शिल्लक नसते. दुकानदारानं फोन दुरुस्त करताना डेव्हलपर सेटिंग (तंत्रज्ञांसाठीची, एरवी बंद असते ती) चालू ठेवलेली असेल तर काही बँकांची ॲप उघडल्याबरोबर बंद होतात आणि कारण ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगत नाहीत.

मग पिनांचा घोळ. फोन उघडायचा एक, ॲपमध्ये शिरायचा एक, ॲपमधून पैसे पाठवायचा एक, यूपीआयचा एक, एटीएम कार्डाचा एक. पाच पिन, आणि काउंटरवरचा माणूस प्रत्येकाला नुसतं "पिन टाका" म्हणतो. यूपीआयचा पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. कार्ड कपाटात पाकिटातच आहे आणि मुदत गेल्या वर्षी संपली. आधारच्या ओटीपीनं पिन ठरवता येतो, पण ते पुन्हा त्याच नंबरापाशी येऊन थांबतं. चुकीचा पिन तीनदा पडला की यूपीआय साधारण दिवसभर अडकतं, आणि ग्राहक घरी जाऊन सांगतो की बँकेनं माझं खातं बंद केलं.

हे सगळं नीट करून द्यायचं तर एका माणसामागे वीस-पंचवीस मिनिटं जातात. दोन कॅशियर आणि एक मॅनेजर असलेल्या शाखेत ती कुठून आणायची? मग जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. महिन्याचं उद्दिष्ट असतं इतक्या नोंदण्या. कर्मचारी फोन मागून घेतो, भराभर सगळं करतो, पिनही स्वतःच टाकतो, कधी जन्मसाल तर कधी १२३४, आणि फोन परत देतो. "झालं बघा काकू." आकडा भरला. काकूंनी ते ॲप पुन्हा कधी उघडलं नाही. बँकेच्या कर्मचाऱ्यानं आपला पिन ठरवला म्हणजे पिन दुसऱ्याला सांगायचा असतो, हा धडा मात्र त्या पहिल्याच दिवशी शिकल्या.

आकड्यांमागे धावण्याचं टोक देशानं पाहिलेलं आहे. १० ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेनं बँक ऑफ बडोदाला 'बॉब वर्ल्ड' या मोबाईल ॲपवर नवे ग्राहक घ्यायला मनाई केली. ग्राहकांना ॲपवर ज्या रीतीनं जोडलं जात होतं त्याबद्दल गंभीर चिंता, असं कारण दिलं होतं. त्याआधी काही महिने, नोंदण्या वाढवण्यासाठी खात्यांना भलतेच मोबाईल नंबर जोडल्याच्या बातम्या आल्या होत्या. मनाई उठली मे २०२४ मध्ये. देशातल्या मोठ्या सरकारी बँकेवर ही वेळ येते, तर छोट्या बँकांच्या संचालक मंडळांनी निदान उद्दिष्टाची भाषा तरी बदलावी. किती नोंदण्या केल्या हे विचारू नये. नोंदणी केलेल्या शंभरांपैकी तिसऱ्या महिन्यात किती जणांनी स्वतःहून ॲप उघडलं, हे विचारावं. हा आकडा सुरुवातीला लाजिरवाणा येईल. येऊ दे.

आणखी एक चूक क्रमाची आहे. बँका मोबाईल बँकिंग शिकवायला बसतात तेव्हा थेट पैसे पाठवण्यापासून सुरुवात करतात, कारण व्यवहाराचा आकडा त्यातून दिसतो. ग्राहकाला मात्र आधी बघायचं असतं. शिल्लक किती, दुधाचं दहा दिवसांचं बिल आलं का, उसाचा हप्ता पडला का, पीक कर्जाचं व्याज किती लागलं. नुसतं बघण्यात काही जात नाही, त्यामुळे भीतीही नसते. दोन महिने रोज सकाळी शिल्लक बघणारा माणूस तिसऱ्या महिन्यात स्वतःच विचारतो, "यातून लाईट बिल भरता येतं का?" नागरी सहकारी बँकांपैकी काहींच्या ॲपवर अजून फक्त बघण्याचीच सोय आहे आणि त्या बँकांना त्याची लाज वाटते. वाटू नये. शिकवायला ती सोय फार चांगली आहे.

बघण्यासाठी तर ॲपही लागत नाही. बहुतेक बँकांचा मिस्ड कॉलचा नंबर असतो. नोंदवलेल्या फोनवरून कॉल केला की दोन घंट्या वाजून कट होतो आणि शिल्लक मेसेजनं येते. साध्या बटणाच्या फोनवर *९९# लावलं की इंटरनेटशिवाय शिल्लक कळते, पैसेही पाठवता येतात. ही सेवा २०१४ पासून देशभर आहे आणि मराठीतही चालते. मार्च २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३ पे आहे, त्यात फोन लावून आवाजाच्या सूचनांवर व्यवहार होतो. ऑगस्टमधल्या त्या रांगेत एका माणसानं मिस्ड कॉलचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेली पाटी धरून उभं राहायला हवं होतं. ज्यांचा नंबर बरोबर नोंदवलेला होता त्यांच्यापुरती तरी रांग तिथेच मोडली असती.

पण मिस्ड कॉल करून येणारा मेसेज असतो इंग्रजीत. इथे बँकांचं एक व्यावहारिक कारण आहे, आणि ते उघड बोललं जात नाही. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलं की एकाचे दोन मेसेज होतात आणि पैसे दुप्पट पडतात. इंग्रजी मजकुराचं शब्दशः भाषांतर केलं तर तो तीन मेसेजांवर जातो, मग वरिष्ठ कार्यालय म्हणतं परवडत नाही. भाषांतर करूच नका, मराठीत नवा मेसेज लिहा. "खाते ..४५२१ जमा रु.१५०० लाडकी बहीण. शिल्लक रु.२३१०". मात्रा, वेलांट्या, मोकळ्या जागा धरून हा मजकूर पन्नासच्या आसपास बसतो. बँकांना मेसेजचे नमुने आधी नोंदवून घ्यावे लागतात हे खरं, पण ते एकदाच.

पासबुकाचीही तीच कथा. मोबाईलवरून भाजी घेतली की पासबुकात ओळ उमटते: यूपीआय, तिरकी रेघ, डीआर, तिरकी रेघ, बारा आकडे, अर्धवट तुटलेलं नाव. किराणा दुकानदाराचं पासबुक अशा ओळींनी पंधरवड्यात भरतं आणि नव्या पासबुकासाठी परत रांग. म्हातारा माणूस ती ओळ बघतो आणि कुणी तरी पैसे काढले अशा समजुतीनं हबकतो. पाचशे-हजाराच्या आतल्या खरेदीसाठी यूपीआय लाईट, म्हणजे ॲपमधलं छोटं पाकीट, सुरू करून दिलं तर पासबुकात फक्त त्या पाकिटात भरणा केल्याची एक ओळ येते, बाकी फुटकळ व्यवहार ॲपमध्येच राहतात. त्यात एका वेळी हजार रुपयांपर्यंत पिनशिवाय खर्च होतो आणि एकूण पाच हजारांच्या वर रक्कम ठेवता येत नाही. पिन लागत नाही म्हणजे फोनला कुलूप हवंच, हे सांगायला विसरू नये. आणि ते बारा आकडे म्हणजे पावती आहे, तक्रार करताना तेच लागतात, हे किती ग्राहकांना कुणी सांगितलंय?

आता भीतीकडे. ती अडाणीपणातून आलेली नाही. गावात कुणाचे ना कुणाचे पैसे खरंच गेलेले असतात. तरी बँकेचं प्रबोधन म्हणजे "ओटीपी कुणाला सांगू नका" एवढंच, दहा वर्षं तेच. फसवणूक मात्र पुढे गेली. आता व्हॉट्सॲपवर फाईल येते: वाहनाचं चलन, पीएम किसानची यादी, लग्नाची पत्रिका, बँकेचं केवायसी. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ते खरं तर ॲपच असतं. ती उघडली की फोन विचारतो, मेसेज वाचू देऊ का? "हो" म्हटलं की ओटीपी कुणाला सांगायची गरजच उरत नाही, तो आपोआप जातो. म्हणून शिकवायचं ते असं: पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती कधी "इन्स्टॉल करू का" विचारत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमचे पैसे जाणार. फोनवर बोलत असताना कुणी सांगितलं म्हणून कुठलंही ॲप घ्यायचं नाही, मग तो आवाज कितीही साहेबी असो. नंबर गूगलवर शोधून बँकेला फोन लावायचा नाही, तो पासबुकाच्या मागे छापलेला आहे तोच लावायचा.

ओळखीच्या खुणाही आता आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं बँकांची संकेतस्थळं ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर आणायची होती. बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० नं सुरू होणारी क्रमांक मालिका ठरलेली आहे. यूपीआयवर अनोळखी माणसाकडून पैसे मागणारी विनंती यायची आणि लोक ती मिळकत समजून मंजूर करायचे. ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीला अशी विनंती पाठवणंच बंद झालं. या तीन गोष्टी शाखेच्या फळ्यावर खडूनं लिहिल्या तरी चालतील.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे नुकसानीची कमाल मर्यादा ग्राहकाच्या हातात देणं. मोबाईलला जोडायचं खातं वेगळं ठेवा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते तीन-चार हजार. ठेवी, निवृत्तीचे पैसे, जमिनीच्या व्यवहाराचे पैसे दुसऱ्या खात्यात, ज्याला ॲपच नाही. ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करता येते, ती दोन हजारांवर आणून द्या. लाखाची कुणाला रोज लागते? आणि मुदत ठेव ॲपमधून मोडण्याची सोय असेल तर ज्येष्ठांच्या खात्यांवर ती बंदच ठेवा. फसवणुकीत खात्यातले वीस हजार गेले तर माणूस सावरतो. चोर आधी ठेव मोडतो आणि मग ते पैसे काढतो, तिथे घर बसतं.

अनेक घरांत सासऱ्यांचा फोन आणि पिन दोन्ही सुनेकडे असतात, औषधं-किराणा तीच आणते. बँक त्यांना "पिन सांगू नका" म्हणते आणि ते मान डोलावून पुन्हा तेच करतात, कारण दुसरा मार्ग दिसत नाही. मार्ग आहे. २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये सासऱ्यांच्या खात्यातून सुनेला तिच्या स्वतःच्या फोनवरून महिन्याला १५ हजारांपर्यंत खर्च करायची मुभा देता येते, किंवा प्रत्येक खर्चाला सासऱ्यांनी मंजुरी द्यायची अशीही सोय आहे. पिन कुणाचा कुणाला सांगावा लागत नाही. मराठी घरांना याइतकी चपखल सोय दुसरी नाही आणि शाखांत तिचं नाव क्वचित ऐकू येतं.

तरीही माणूस मोबाईल बँकिंग टिकवतो की सोडतो हे ठरतं पहिल्यांदा काही बिनसतं त्या दिवशी. पैसे कापले, समोरच्याला मिळाले नाहीत. दुकानदार म्हणतो आले नाहीत, ग्राहक म्हणतो गेले, मागे चार माणसं उभी. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, माणसानं माणसाला पाठवलेले यूपीआयचे असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानात दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे रोज शंभर रुपये भरपाई, ग्राहकानं तक्रार केली नसली तरी. हा कागद किती शाखांत दर्शनी भागात लावलेला आहे? उलट उत्तर मिळतं, "ते ॲपवाल्यांना विचारा." खातं तुमच्याकडे, पैसे तुमच्या संगणकातून कापलेले, आणि विचारायचं दुसऱ्याला. चुकीच्या नंबरावर पाठवलेले पैसे ही मात्र निराळी बाब. व्यवहार यशस्वी झालेला असतो, समोरच्याच्या संमतीशिवाय बँकेला ते ओढून आणता येत नाहीत. म्हणून पाठवण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचायचं, नव्या माणसाला आधी एक रुपया पाठवून फोनवर विचारायचं.

कधी दोष ना ग्राहकाचा असतो ना शाखेचा. ३१ जुलै २०२४ ला सहकारी आणि ग्रामीण बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाला, ती मुख्य जाळ्यातून तात्पुरती तोडावी लागली आणि सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय थांबलं. दुसऱ्या दिवशी ते सुरूही झालं. अशा दिवशी दारावर एक कागद लावणं, एक मेसेज सोडणं बँकेच्या हातात असतं. "तुमचा पैसा जागेवर आहे, सेवा बंद आहे" एवढं कळलं तरी माणूस निवांत घरी जातो. काही कळलं नाही तर तो दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम काढायला येतो, आणि २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आल्यावर ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये मिळत होते ही आठवण महाराष्ट्रात अजून ताजी असताना त्याला कुणी दोष देऊ नये.

खरी फसवणूक झाली तर तास महत्त्वाचे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन, त्याच वेळी बँकेला कळवणं. बँकेच्या चुकीनं पैसे गेले तर ग्राहकाचं नुकसान शून्य धरायचं, कळवलं नसलं तरी, आणि मधल्या यंत्रणेच्या चुकीनं गेले तर मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास शून्य, हा रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला नियम आहे. सहकारी बँकांसाठी तसाच नियम त्याच वर्षी डिसेंबरात आला. स्वतः पिन सांगून बसला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. प्रत्यक्षात काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "ओटीपी दिला असेल ना?" आणि तक्रारीची पोच द्यायला टाळाटाळ होते. पोच नसली तर कळवल्याची वेळ सिद्ध होत नाही, म्हणून पोच घेतल्याशिवाय ग्राहकानं काउंटर सोडू नये. तीस दिवसांत निकाल नाही लागला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्या लोकपाल योजनेत आल्या आहेत. आपल्याकडे शेतकऱ्याचं खातं बहुधा तिथेच असतं, त्यामुळे ही बातमी गावोगाव पोहोचायला हवी होती. (पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिचंही ॲप असतं, दिसतंही बँकेसारखंच, पण हे नियम तिला लागू नाहीत आणि ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षणही नाही.)

शिकवणार कोण, हा प्रश्न राहतो. शिबिरं घेऊन हे होत नाही. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर प्रोजेक्टर लावून पन्नास जणांना एकदम पिन ठरवायला शिकवता येत नाही. एकाला एक माणूस लागतो, आणि तो पुन्हा यायला लागतो, कारण पहिल्या दिवशी शिकलेलं आठव्या दिवशी विसरतं. असा माणूस सहकारी बँकांकडे आधीच आहे: पिग्मी एजंट. रोज त्याच वेळी त्याच दुकानात, त्याच घरी जातो, पन्नास-शंभर रुपये घेतो, नोंद करतो. लोक त्याच्यावर वर्षानुवर्षं भरवसा ठेवून आहेत. त्याच्यापुढे मोबाईल बँकिंगचं नाव काढलं की त्याला आपलं कमिशन जाताना दिसतं, आणि त्यात त्याचं चूक नाही. बँकेनं सांगावं: तुझ्या ग्राहकानं पिग्मी मोबाईलवरून भरली तरी तुझं कमिशन सुरू राहील, आणि तो तीन महिने ॲप वापरत राहिला तर वर काही मिळेल. त्याला एकच बंधन, ग्राहकाच्या फोनला हात लावायचा नाही. बोट ग्राहकाचंच हवं. बचत गटांच्या बँक सखींना हेच काम देता येईल. बाईनं बाईला शिकवलं तर पिन ठरवताना खांद्यावरून नवरा बघत नाही, हा फायदा वेगळाच.

ज्यांना नको आहे त्यांना नको म्हणू द्यावं. ज्याची नजर कमी झाली आहे, ज्याच्या बोटांना पडद्याचा स्पर्श लागत नाही, जो सगळं समजूनही नको म्हणतो, त्याच्यासाठी काउंटर राहिला पाहिजे आणि तो सन्मानानं राहिला पाहिजे. १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार डिजिटल सेवेसाठी ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, आणि डेबिट कार्डासारखी दुसरी सोय देताना ती सेवा गळ्यात मारता येत नाही. खातं उघडण्याच्या जाड फॉर्ममध्ये आधीच छापलेली बरोबरची खूण म्हणजे संमती, असा अर्थ काढणाऱ्यांनी हे निर्देश नीट वाचावेत.

मोबाईल बँकिंग सुरू करण्याचा अर्ज प्रत्येक शाखेत मिळतो, एका पानाचा, गुळगुळीत कागदावर. बंद करण्याचा अर्ज मागून बघा. "कोऱ्या कागदावर लिहून द्या, साहेब आल्यावर बघू," असं उत्तर येण्याचीच शक्यता जास्त. तो अर्ज पहिल्याच्याच मागच्या बाजूला छापता येईल. कागदही वाढत नाही.